फुरिकाके: काम मेतकुटाचं, चव वेगळीच

जालन्यात रोजच्या ताटावर भाताचं राज्य नाही. मस्तगडात काय किंवा नव्या जालन्यात काय, जेवण ज्वारीच्या भाकरीचं, आणि भाकरीला लावून खायला कारळ्याची, जवसाची नाहीतर शेंगदाण्याची कोरडी चटणी. भातावर घालायची कोरडी पूड म्हणजे मेतकूट, तेही मऊ भात, तूप आणि बहुतेक वेळा घरात कुणाचं तरी बिघडलेलं पोट असा योग जुळला तर. त्यामुळे पुण्याला किंवा परदेशात असलेल्या मुलांच्या बॅगेतून भातावर भुरभुरायचं जपानी पाकीट घरी आलं की जो तो त्याला आपापल्या ओळखीचं नाव देतो. कुणी मसाला म्हणतं, कुणी चटणी, कुणी वास घेऊन ‘सुकट आहे’ म्हणून नाक मुरडतं. त्या पाकिटातल्या पदार्थाला जपानी लोक फुरिकाके म्हणतात, आणि वरच्या तिन्ही नावांशी त्याचं फारसं जमत नाही. त्यातल्या त्यात मेतकूट जवळचं, पण तेही कामापुरतं.

मसाला म्हणून ते फोडणीत टाकलं की पैसे वाया गेले. फुरिकाके शिजवायचं नसतं. वाढलेल्या गरम भातावर ते वरून भुरभुरतात, बस. तिखट असेल ही अपेक्षाही सोडून द्यावी. नेहमीच्या प्रकारांत मिरची जवळजवळ नसतेच. भाजलेले तीळ, नोरी नावाचं वाळवलेलं समुद्री शेवाळ, माशाचा कीस, मीठ, साखर आणि सोया सॉस हा त्याचा पाया. आपल्या जिभेला पहिला धक्का बसतो तो गोडाचा. १९६० साली मारुमिया कंपनीने आणलेलं ‘नोरितामा’ हे सर्वांत खपणाऱ्या प्रकारांपैकी एक. ते तळहातावर घेऊन पाहिलं तर अंड्याचे पिवळे रवाळ दाणे, काळपट हिरवे नोरीचे तुकडे आणि तीळ वेगवेगळे ओळखू येतात. कोरडं चाखलं तर आधी गोडसर खारट लागतं, मग तिळाचा खमंगपणा येतो. गरम भातावर पडलं की वाफेने नोरी मऊ पडते, समुद्राचा हलका वास सुटतो, पण तीळ कुरकुरीतच राहतात. मेतकुटाची रीत नेमकी उलटी. भाजलेल्या डाळी, तांदूळ, गहू, मेथी, हिंग, हळद, सुंठ यांची ती वस्त्रगाळ पूड तुपाशी एकजीव होऊन भातात विरघळायला हवी, नाहीतर घशाला चिकटते. मेतकुटाला तूप लागतं, फुरिकाके कोरडंच खातात.

आता सुकटीचा आरोप. जवळा किंवा बोंबील उन्हात वाळवतात, त्यांचा वास उग्र असतो आणि तो सर्वांना माहीत आहे. फुरिकाकेतला मासा बहुधा कात्सुओबुशी, म्हणजे कुप्याच्या कुळातला मासा उकडून, काटे काढून, लाकडाच्या धुरावर पुन्हा पुन्हा धुरवलेला. उंची प्रकारात त्यावर मुद्दाम बुरशी चढवतात, ती उन्हात वाळवून पुसतात, पुन्हा चढवतात, आणि याला काही महिने लागतात. शेवटी हातात येतो तो लाकडासारखा टणक तुकडा. तो सुताराच्या रंध्यासारख्या हत्याराने किसतात. त्याला माशापेक्षा धुराचा वास जास्त येतो. शाकाहारी माणसाला तो आवडावा असं मी म्हणत नाही, पण सुकट म्हणून त्याची बोळवण करणं अन्यायाचं आहे.

कात्सुओबुशी घालण्यामागे नुसती आवड नाही, रसायन आहे. टोकियोच्या विद्यापीठातले किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. पाचच वर्षांनी, १९१३ मध्ये, शिंतारो कोदामा यांनी कात्सुओबुशीतून इनोसिनेट शोधून काढलं. पुढे ध्यानात आलं की ही दोन्ही एकत्र आली की चव नुसती बेरजेने वाढत नाही, कैक पटींनी चढते. शेवाळ, सोया सॉस आणि मासा एका चिमटीत आणण्याचं गुपित ते हेच. आपल्याकडे पिकलेल्या टोमॅटोतही ग्लुटामेट असतंच, फक्त त्याला आपण वेगळं नाव दिलेलं नाही.

यावर हटकून प्रश्न येतो: ‘म्हणजे अजिनोमोटोच ना? ते विष असतं.’ होय, बहुतेक पाकिटांत ते असतं. विषाची भीती मात्र मुख्यतः १९६८ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रापासून पसरली. त्यानंतरच्या चाचण्यांत, नेहमीच्या खाण्यातल्या प्रमाणात ते त्रास देतं असं ठामपणे दिसलेलं नाही. सोडियमची काळजी असेल तर मिठात ते वजनाच्या सुमारे ३९ टक्के असतं आणि अजिनोमोटोत १२ टक्के. रक्तदाबवाल्यांनी फुरिकाके जपून खावं ते त्यातल्या मिठासाठी.

‘सामुराई हेच खाऊन लढायचे’ अशा थाटाच्या कहाण्याही ऐकू येतात. मस्तगडची गढी १७२५ ची, आणि बाटलीत विकल्या जाणाऱ्या फुरिकाकेचं वय तिच्या निम्म्याहूनही कमी आहे. तैशो काळात, म्हणजे १९१२ ते १९२६ या वर्षांत, कुमामोतोच्या सुएकिची योशिमारु या औषधविक्रेत्याने लोकांच्या आहारात कॅल्शियम कमी पडतं म्हणून माशाचे काटे दळले आणि ते खपावेत म्हणून तीळ, खसखस, नोरी मिसळली. ‘गोहान नो तोमो’, भाताचा सोबती, हे त्याचं नाव. अन्न शिजवल्यावर वर काहीतरी भुरभुरण्याची सवय जुनी असेलच, पण ज्याला आज फुरिकाके म्हणतात ते असं औषधाच्या दुकानातून आलं. म्हणून आजचं पाकीट पौष्टिक ठरत नाही. एका वेळी पोटात जाते ती चिमूटभर, आणि तीही चवीसाठी.

हिरव्या पाकिटातला वासाबीचा प्रकार पाहून मिरचीचा ठसका येईल असं वाटतं. वासाबी जिभेला नाही, नाकाला झोंबते, आणि मराठी स्वयंपाकघराला हा अनुभव नवा नाही. लोणच्यासाठी फेसलेली मोहरी ‘चढते’ ती त्याच जातीच्या द्रव्यामुळे. मोहरी खरपूस भाजली तर ते द्रव्य तयार करणारं विकर मरतं. म्हणूनच भाजलेल्या मोहरीच्या मेतकुटात कडवटपणा उरतो, झणका नाही.

‘शेवाळ आहे म्हणजे शाकाहारी’ हा समज सगळ्यांत महागात पडणारा. चित्रात फक्त तीळ आणि नोरी दिसत असली तरी आत माशाचा अर्क असू शकतो, म्हणून घटकांची यादी वाचावी आणि मासा, अंडं शोधावं. मासा नकोच असेल तर काळे तीळ आणि मिठाचं गोमाशिओ बरं. मिशिमा कंपनीचं १९७० पासून मिळणारं ‘युकारी’ लाल शिसोच्या पानांचं असतं, जांभळं आणि आंबट. शिसो ही तुळस-पुदिन्याच्या कुळातली वनस्पती. कारळ्याची चटणी आवडणाऱ्यांनी सुरुवात गोमाशिओपासून करावी असं माझं मत.

आणखी एक घोटाळा बाटलीचा. ‘राइस सीझनिंग’ म्हणून मिळणारी पातळ बाटली बहुधा सुशीसाठीचा व्हिनेगर, साखर आणि मीठ यांचं मिश्रण असते. ती शिजलेल्या भातात कालवायची, वर भुरभुरायची नाही. सुशी म्हणजे कच्चा मासा हाही त्याच गोंधळाचा भाग. सुशी ठरते ती या आंबटगोड भाताने, मासा असो वा नसो.

राहिला भात. जपानी तांदळात अमायलोज कमी, म्हणून शितं एकमेकांना धरून राहतात आणि फुरिकाके त्यांना चिकटतं. आपल्या मोकळ्या भातावर घातलं तर ते घसरून ताटाच्या तळाशी जातं. आपण जुना तांदूळ शोधतो आणि नवा चिकट होतो म्हणून कुरकुरतो. जपानात नव्या तांदळाची वाट पाहतात. तेव्हा घरात नवा आंबेमोहोर असेल तर पाणी जरा जास्त घालून तो शिजवावा, आणि शिजवताना मीठ घालू नये, कारण मिठाचं सगळं काम त्या चिमटीतच आहे. तूप सोडायचंच असेल तर पहिले दोन घास कोरडे खाऊन मग सोडावं. पाकीट फोडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं. जालन्याच्या उन्हाळ्यात ते टिकतं, पावसाळ्यात नोरी दोन दिवसांत लोळागोळा होते.