वरच्या सुराची किंमत ओठ मोजतात

अनंत चतुर्दशीला सकाळी लालबागहून निघालेली मिरवणूक गिरगाव चौपाटीला पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. सगळा रस्ता एकच ट्रम्पेटवादक फुंकत नसतो, हे खरे. पण ढोल-ताशांच्या वर ऐकू जायचे म्हणून मुखडा वरच्या पट्टीत घेतला जातो, गर्दी शिट्ट्या मारते आणि ओठांची परीक्षा सुरू होते.

सनईला पत्ती असते. ट्रम्पेटला नसते, तिथे वादकाचे ओठ हीच पत्ती. वादक ज्याला ‘हाय सी’ म्हणतात, त्या सुराला ओठ सेकंदाला सुमारे ९३० वेळा थरथरतात. त्यासाठी ओठांभोवतीचा गोलाकार स्नायू घट्ट आवळलेला आणि फुंक वेगवान हवी. स्नायू थकला की वादक नकळत माउथपीस ओठांवर दाबतो. सूर निघतो, पण ओठांचा रक्तपुरवठा अडतो, मग बधिरपणा आणि सूज.

मुंबईत ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून गाजले ते गोव्याचे चिक चॉकलेट. ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटात ते वाद्यवृंदासह पडद्यावर दिसतात. खुद्द आर्मस्ट्राँग यांचे ओठ मात्र इतके फाटत, की १९३०च्या दशकात काही महिने त्यांना ट्रम्पेट खाली ठेवावा लागला. ट्रम्पेटवादकांच्या ओठांचा स्नायू फाटण्याच्या दुखापतीला १९८२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नाव मिळाले तेही त्यांच्याच टोपणनावावरून, ‘सॅचमो सिंड्रोम’.

‘लहान माउथपीस घे, वरचे सूर आपोआप येतील,’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धाच खरा आहे. उथळ वाटीने आवाज धारदार होतो, वरच्या सुरांत श्रम थोडे वाचतात. पण जाड ओठ वाटीच्या तळाला टेकले की सूरच बंद. शिवाय खालचे सूर पातळ होतात. बाख कंपनीच्या क्रमांकात आकडा जितका लहान तितकी वाटी रुंद आणि अक्षर ‘ए’कडून ‘ई’कडे जाताना ती उथळ होते. इतर कंपन्यांचे क्रम वेगळे, काहींचे तर उलटे, त्यामुळे आकड्यावर विसंबू नये. नवशिक्याने ‘७सी’सारख्या मध्यम मापाने सुरुवात करावी. माउथपीस बदलायचाच, तर तो मिरवणुकीच्या आदल्या दिवशी नको. सवयीला काही आठवडे लागतात.

चातुर्मासात लग्नाच्या सुपाऱ्या थांबतात, सराव सुटतो आणि भाद्रपदात एकदम तासन्‌तास वाजवायची वेळ येते. खरा घात इथे होतो. आषाढ-श्रावणातच रोज थोडे, हळू आवाजात वाजवावे. आवाज न वाढवता अर्धा-अर्धा सूर वर जावे आणि जितका वेळ वाजवले तितकीच विश्रांती घ्यावी. दाबल्याशिवाय सूर निघेना, की त्या दिवसापुरते थांबावे.

वरच्या सुरांत छातीतला आणि डोळ्यांतलाही दाब तात्पुरता वाढतो. काचबिंदू असलेल्या वादकांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना आपण ट्रम्पेट वाजवतो हे आवर्जून सांगावे. वाजवताना भोवळ आली तर लगेच थांबावे. ओठाचा बधिरपणा विश्रांतीनंतरही टिकला किंवा ओठांच्या कडेने हवा निसटू लागली, तर मलमावर वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे.

आणि माउथपीस दुसऱ्याला देऊ नये. ओठावर उठणारे नागिणीच्या जातीचे फोड त्यातून पसरू शकतात. मुलामा उडालेली कडा ओठाला चुरचुरत असेल, तर तो माउथपीस बदलावा. रोज वाजवून झाल्यावर कोमट साबणपाणी आणि छोटा ब्रश पुरेसा आहे.