‘गांधी’ चित्रपटात बाबासाहेब कुठे आहेत?

१९८२ साली रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा ‘गांधी’ चित्रपट आला. त्याला ८ ऑस्कर मिळाले. वेशभूषेचे ऑस्कर कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना मिळाले. कस्तुरबांची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. मराठी माणसाला त्याचा अभिमान वाटला, आम्हालाही वाटतो. परंतु आमचा सवाल वेगळा आहे. तीन तासांहून मोठ्या या चित्रपटात डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे पात्रच नाही! विलायतेतील गिरणी कामगारांत मिसळणारे गांधीजी दिसतात. मात्र १९३२ चे येरवड्यातील उपोषण आणि २४ सप्टेंबरचा पुणे करार गायब! विशेष म्हणजे या चित्रपटात भारत सरकारचा, म्हणजे तुमचा-आमचा पैसा होता. जगाने हाच भारत खरा मानला. वकिलीच्या भाषेत सांगायचे तर, प्रतिवादीला नोटीसही न बजावता दिलेला हा एकतर्फी निकाल!

डॉ. जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००) या चित्रपटाने त्याला उत्तर दिले. मामुट्टी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरीही तमिळ आवृत्ती पडद्यावर यायला २०१० साल उजाडले, तेही मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितल्यावर.

म्हणूनच मोहने-आंबिवलीसारख्या कामगार वस्त्यांतील जयंती मंडळांना आमचे सांगणे आहे : डीजेचा एका रात्रीचा खर्च वाचवा, बुद्धविहारात हा चित्रपट दाखवा, नंतर पुणे करारावर चर्चा ठेवा. दुसऱ्यांनी गाळलेला इतिहास आपणच आपल्या मुलांना दाखवला नाही, तर दोष कोणाला देणार?