एका सहीचे अंतर

सप्टेंबर २०१५ मध्ये मलेशियातील निलाई या शहरी आशियाई महिला फुटसाल अजिंक्यपद स्पर्धा प्रथमच भरली. आठ देशांचे संघ तेथे दाखल झाले. त्यांत इराणचा संघही होता. मात्र त्या संघाची कर्णधार नीलूफर अर्दलान त्यात नव्हती. तिला दुखापत झालेली नव्हती, की निवड समितीची तिच्यावर खप्पामर्जी झालेली नव्हती. तिच्या पारपत्राची मुदत संपली होती आणि नूतनीकरणाच्या अर्जावर पतीची सही नव्हती.

इराणच्या पारपत्रविषयक कायद्यानुसार विवाहित स्त्रीला पारपत्र मिळण्यासाठी पतीची लेखी संमती आवश्यक असते. ही तरतूद १९७९ च्या राज्यक्रांतीने आणली असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती शहांच्या राजवटीतील, १९७० च्या दशकाच्या आरंभीची आहे. क्रांतीने ती केवळ कायम ठेवली. जाणत्या घरांतील मुली विवाहाच्या करारातच प्रवासाची कायमची परवानगी लिहून घेतात. ज्यांनी ते केले नाही, त्यांना प्रत्येक वेळी सहीची वाट पाहावी लागते.

नीलूफरच्या पतीचे म्हणणे असे, की मुलाच्या शाळेचा पहिला दिवस त्याच सुमारास येतो आणि त्या दिवशी आईने घरी असावे. इराणमध्ये शाळा सप्टेंबरच्या अखेरीस उघडतात. विशेष म्हणजे पती स्वतः क्रीडा-पत्रकार होते. तीस वर्षांची, 'लेडी गोल' या नावाने ओळखली जाणारी ही खेळाडू मग एका वृत्तसंस्थेशी मोकळेपणाने बोलली. आपण मौजमजेसाठी परदेशी जात नव्हतो, देशाचा ध्वज उंचावण्यासाठी जात होतो, असे तिने सांगितले. खेळाडू स्त्रियांसाठी कायद्यात काही सोय असावी, एवढीच तिची मागणी होती. घरातली गोष्ट अशी चव्हाट्यावर मांडणे तेथे सोपे नाही. बातमी जगभर पसरली.

ज्या खेळासाठी हे सारे घडले, त्याची थोडी ओळख येथे करून घ्यावी लागेल. फुटसाल म्हणजे सभागृहात खेळावयाचे फुटबॉल. १९३० मध्ये उरुग्वेची राजधानी मोंतेव्हिदेओ येथील वाय.एम.सी.ए. या संस्थेत हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने त्याची आखणी केली. प्रत्येक संघात पाचच खेळाडू, मैदान सुमारे ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद, चेंडू लहान आणि कमी उसळणारा. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. परंतु चेंडू सीमेबाहेर गेला की घड्याळ थांबते. त्यामुळे वेळकाढूपणाला वाव उरत नाही. एका डावात संघाच्या पाच चुका झाल्या, की सहाव्या चुकीपासून प्रतिस्पर्ध्याला बचावाच्या भिंतीविना थेट फटका मिळतो. जागा इतकी अपुरी, की चेंडू पायाशी आल्यावर विचार करण्यास क्षणही मिळत नाही. तो आधीच केलेला असावा लागतो.

इराणमध्ये या खेळाला स्त्रियांनी आपलेसे केले, त्याचे कारण मात्र खेळाच्या नियमांत नाही. ते सभागृहाच्या चार भिंतींत आहे. १९७० च्या दशकात तेथे मुलींचे फुटबॉल मूळ धरू लागले होते. क्रांतीनंतर ते थांबले. स्त्रियांनी उघड्या मैदानावर, पुरुष प्रेक्षकांसमोर खेळावे हे नव्या व्यवस्थेला मान्य नव्हते. परंतु बंद दाराआड, केवळ स्त्रियांच्या उपस्थितीत खेळण्यास आडकाठी नव्हती. १९९० च्या दशकात विद्यापीठांच्या आणि क्रीडासंकुलांच्या सभागृहांतून मुली फुटसाल खेळू लागल्या. १९९३ पासून तेहरानमध्ये मुस्लीम स्त्रियांच्या क्रीडास्पर्धाही भरू लागल्या. मोठ्या मैदानावरील इराणी महिला संघ २००५ मध्ये अम्मान येथील पश्चिम आशियाई स्पर्धेत उतरला, तेव्हा सभागृहात घडलेली एक पिढी तयार होती. निर्बंधानेच एका खेळाची तालीम करून घ्यावी, असा हा विलक्षण प्रकार.

देशात बुरूज ओलांडले तर बाहेर दुसराच उभा होता. जून २०११ मध्ये ऑलिंपिक पात्रता फेरीच्या सामन्यासाठी इराणच्या मुली अम्मानच्या मैदानावर उतरल्या. परंतु डोके व मान झाकणारा पोशाख नियमात बसत नाही, असे सांगून त्यांना खेळू दिले गेले नाही. मुलींना अश्रू आवरेनात. घरचा कायदा सांगे, डोके झाकल्यावाचून खेळू नका. बाहेरचा नियम सांगे, डोके झाकून खेळू नका. ही कोंडी फुटण्यास आणखी तीन वर्षे लागली. २०१२ मध्ये प्रायोगिक मुभा मिळाली आणि मार्च २०१४ मध्ये शिरोवस्त्रास रीतसर मान्यता देण्यात आली.

या पार्श्वभूमीवर निलाईची स्पर्धा पाहावयास हवी. समोर जपान होता. २००७, २००९ आणि २०१३ अशा तीन आशियाई इनडोअर क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक पटकावलेला संघ. अंतिम सामन्यात एकच गोल झाला. तो फरेश्ते करीमीने केला आणि पहिल्यावहिल्या आशियाई अजिंक्यपदावर इराणचे नाव कोरले गेले. कर्णधाराने तो विजय घरी राहून साजरा केला असेल की नाही, हे ज्याने त्याने ताडावे.

पुढची घटना दोनच महिन्यांनी घडली. नोव्हेंबरमध्ये ग्वाटेमालात महिला फुटसालची जागतिक स्पर्धा होती. या खेपेस न्यायालयीन अधिकाऱ्यांनी लक्ष घातले आणि नीलूफरला पतीच्या संमतीवाचून जाण्याची अनुमती दिली. केवळ त्या एका प्रवासापुरती. ती गेली, खेळली. कायद्याचे कलम तसेच राहिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये इराणच्या महिला स्कीइंग संघाच्या प्रशिक्षिका समीरा झरगरी यांना त्याच कारणाने इटलीतील जागतिक स्पर्धेस मुकावे लागले.

मे २०१८ मध्ये बँकॉकला दुसरी आशियाई स्पर्धा झाली. अंतिम फेरीत पुन्हा इराण आणि जपान. या वेळी चुरस फारशी उरली नाही. इराणने ५-२ असा विजय मिळविला. सलग दोन वेळा आशियाचे विजेतेपद मिळविणाऱ्या या मुलींना त्या सुमारास स्वतःच्या राजधानीतील आझादी स्टेडियमवर पुरुषांचा फुटबॉल सामना पाहण्यास साधे तिकीट मिळत नव्हते. ऑक्टोबर २०१९ मध्ये कंबोडियाविरुद्धच्या सामन्यास तीन हजारांहून अधिक स्त्रियांना प्रवेश मिळाला, तो सुमारे चार दशकांनी. इराणने तो सामना १४-० असा जिंकला. पण त्या दिवशी छायाचित्रकारांचे लक्ष मैदानापेक्षा प्रेक्षागृहाकडेच अधिक होते.

तिसरी आशियाई स्पर्धा २०२० मध्ये कुवेतला व्हावयाची होती. कोविडच्या साथीने ती रद्द झाली. खेळाडूच्या आयुष्यात सात वर्षे म्हणजे फार मोठा काळ. २०२५ च्या मे महिन्यात चीनमधील होहोत येथे स्पर्धा पुन्हा भरली, तेव्हा जपानने थायलंडला पेनल्टी फटक्यांवर नमवून विजेतेपद मिळविले आणि इराण तिसऱ्या स्थानावर राहिला. याच स्पर्धेच्या पात्रता फेरीसाठी जानेवारी २०२५ मध्ये भारताचा महिला फुटसाल संघही इंडोनेशियातील योग्यकर्ता येथे उतरला होता. आपल्या मुलींसाठी ती केवळ सुरुवात होती.

तिसऱ्या स्थानाचे मोल मात्र मोठे होते. पुरुषांची फुटसाल विश्वचषक स्पर्धा १९८९ मध्येच नेदरलँड्समध्ये सुरू झाली. स्त्रियांसाठी ती सुरू व्हावयास २०२५ उजाडावे लागले. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फिलिपिन्समध्ये सोळा देश एकत्र आले, त्यांत इराणही होता. ब्राझील आणि इटली यांच्या गटातून त्यांना पुढची फेरी गाठता आली नाही. अंतिम सामन्यात ब्राझीलने पोर्तुगालला ३-० असे हरवून पहिला चषक उचलला. २०१० पासून २०१५ पर्यंत झालेल्या सहाही अनधिकृत जागतिक स्पर्धा ब्राझीलनेच जिंकल्या होत्या, त्यामुळे कोणाला आश्चर्य वाटले नाही.