एका जादा सेकंदाची दहा वर्षे

१ जुलै २०१२, रविवार. भारतात पहाटेचे साडेपाच वाजत असताना जागतिक प्रमाणवेळेत एक जादा सेकंद घातला गेला. पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळांचा मेळ राहावा म्हणून असे लीप सेकंद १९७२ पासून अधूनमधून घातले जात होतेच. या खेपेला मात्र रेडिट, मोझिला यांच्यासारख्या सेवा अडखळल्या.

दोष लिनक्सच्या कर्नलमध्ये होता. मुख्य घड्याळ एका सेकंदाने मागे घेतले गेले, पण टायमर सांभाळणाऱ्या भागाला त्याचा पत्ताच नव्हता. तो एक सेकंद पुढेच राहिला. त्यामुळे अर्धा सेकंद थांबू पाहणाऱ्या प्रोग्रामला ‘मुदत संपली’ असे लगेच उत्तर मिळे. तो पुन्हा विचारी, पुन्हा तेच उत्तर. जावा किंवा मायएसक्यूएल चालवणाऱ्या कित्येक सर्व्हरांचा सीपीयू या फेऱ्यात अडकला. आहे तीच वेळ पुन्हा सेट केली की टायमर ताळ्यावर येत.

१ जानेवारी २०१७ ला पुन्हा पहाटे साडेपाचलाच लीप सेकंद घातला गेला, तेव्हा क्लाउडफ्लेअरच्या डीएनएस सेवेची पाळी आली. गो भाषेत लिहिलेल्या त्यांच्या कोडने उत्तराला लागलेला वेळ मोजला, तो शून्याहून कमी निघाला आणि प्रोग्राम कोसळला. वेळ उणे असूच शकत नाही, हे लिहिणाऱ्याने गृहीत धरले होते.

दोन्ही घटनांच्या मुळाशी एकच गल्लत आहे. ‘किती वाजले’ आणि ‘किती वेळ गेला’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर देणारे घड्याळ दुरुस्त होते, मागेपुढे सरकते. दुसऱ्यासाठी कधीही मागे न जाणारे मोनोटॉनिक घड्याळच वापरायला हवे. ऑगस्ट २०१७ मध्ये आलेल्या गो १.९ ने दोन्ही नोंदी एकत्र ठेवून ही काळजी भाषेतच घेतली. माझ्या मते या दशकाची ही सर्वांत मोलाची कमाई. प्रत्येकाच्या दक्षतेवर भिस्त ठेवण्यापेक्षा चूक करणेच अवघड करून ठेवले, तर ती खरी टळते.

ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांची गत निराळी. भारतात घड्याळे ऋतूप्रमाणे बदलत नाहीत, त्यामुळे पुण्यात बसून न्यूयॉर्कचे सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या नजरेतून तिथला असा बदल सहज सुटतो. तिथे मार्चमधल्या एका रविवारी रात्रीचे अडीच वाजतच नाहीत आणि नोव्हेंबरमध्ये दीड दोनदा वाजतो. बिलांचे काम दीडला लावले असेल, तर ते दोनदा चालले तरी बिल एकदाच निघेल अशी सोय कोडमध्ये हवी.

लीप सेकंदाचा प्रश्न आता मावळतीला लागला आहे. २०१६ च्या अखेरीस (भारतात १ जानेवारी २०१७ च्या पहाटे) घातलेल्या सेकंदानंतर एकही घातला गेलेला नाही, आणि २०३५ पर्यंत ही पद्धत बदलण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला. पण त्याने उघडी पाडलेली गल्लत कोडमधून आपोआप जाणार नाही.

क्वचितच डोके वर काढणाऱ्या अशा चुकांवर सर्वांत चांगला उपाय लिनक्समध्येच सापडतो. घड्याळाचे ठोके (टिक) मोजणारा ३२ बिटांचा आकडा पूर्वी सुमारे ४९७ दिवसांनी भरून पुन्हा शून्यावर येई, आणि तोवर त्यातले बग दडून राहत. २.६ आवृत्तीत हा आकडा भरायला पाच मिनिटे उरली असतील असाच सुरू केला गेला. जे वर्ष-दीड वर्षाने फुटले असते, ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यांदेखत फुटू लागले. १९ जानेवारी २०३८ ला सेकंदांचा ३२ बिटांचा आकडा असाच भरणार आहे. आपल्या चाचणी सर्व्हरवर ती तारीख याच आठवड्यात आणावी.