वाळलं तरी पान जितं

गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेतला पुतण्या वडवणीला आला आणि त्याने माझ्यापुढे चिरुटांची पेटी ठेवली. मी आयुष्यात विडीसुद्धा ओढलेली नाही. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाच्या तोंडात चिरूट असतोच, असा कुठल्याशा सिनेमावरून त्याचा समज झालेला. पेटीच्या झाकणात आतून घड्याळाएवढे एक यंत्र बसवलेले होते. "काका, हा काटा सत्तरच्या आसपास राहिला पाहिजे. आणि खोली एकवीस अंशांवर." बाहेर बेचाळीस अंश ऊन होते आणि वीज गेलेली होती.

आठवड्याभरात काटा तिशीला आला. चिरुटांचे वरचे पान कडकडीत होऊन तडकले. पुतण्या हळहळला. असा कोरडा चिरूट भराभर जळतो, घशाला चरचरतो, पानातली सुगंधी तेले उडून जातात, असे त्याने सांगितले. उलट ओल जास्त झाली तर पान फुगते, बुरशी धरते, धूर ओढला जात नाही. आपल्याकडे यातल्या दुसऱ्या प्रकाराला नेमका शब्द आहे, सादळणे. श्रावणात पापड, चिवडा आणि विडी सारख्याच सादळतात. आमच्या स्टँडजवळचा पानवाला पावसाळ्यात विड्यांची बंडले पत्र्याच्या डब्यात घट्ट बंद करतो, आणि उन्हाळ्यात नागवेलीची पाने ओल्या गोणपाटाखाली झाकतो. यंत्राशिवाय तो हेच करत असतो.

उष्णतेचे दुखणे आणखी वेगळे. तंबाखूला एक तपकिरी, तिळाएवढा किडा लागतो. त्याची अंडी पानात असतात आणि पारा पंचविशीकडे सरकला की त्यांना जोर येतो. म्हणून कारखानदार माल गोठवून काढतात. पुतण्याने उरलेले चिरूट आमच्या फ्रीजरमध्ये ठेवले, तेव्हा घरात जे व्हायचे ते झाले. पण सौ.ने कपाटातून हळकुंडांची बरणी काढून माझ्यापुढे उपडी केली. हळकुंडांना टाचणीने टोचल्यासारखी गोल भोके. हा तोच किडा! तंबाखू, हळद, धणे, मिरची, त्याला सगळे चालते. चिरुटांच्या पेट्या ज्या लाकडाच्या करतात त्याला देवदाराचे नाव दिले असले तरी तो देवदार नव्हे. ते झाड आपल्या कडुनिंबाच्या कुळातले. आमची आजी ज्वारीच्या कणगीत निंबाचा पाला घालायची, त्याची मला आठवण झाली.

पण ती पेटी पाहून मला खरी आठवण झाली ती निपाणीची.

१९८८ साली बँकेने मला तिकडे पाठवले. बेळगाव जिल्ह्यातला तो सारा भाग विडीच्या तंबाखूवर जगणारा. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथल्या शेतकऱ्यांनी भावासाठी महामार्गावर ठाण मांडले, गोळीबार झाला, माणसे गेली. मी गेलो तेव्हा ती जखम ताजीच होती. तंबाखूचे पान शेतात उन्हात वाळवतात, पण उचलतात ते पहाटे. दुपारी हात लावला तर त्याचा चुरा होतो. रात्री हवा गार झाली, दव पडले, की तेच पान कातड्यासारखे मऊ होते. हवेत पाणी तेवढेच असले तरी थंड हवेला ते पेलवत नाही, हे विज्ञान मी तिथल्या बायकांच्या हातांत पाहिले.

एक वयस्क शेतकरी तारण कर्ज मागायला आला. भाव पडलेला होता. चार महिने माल धरून ठेवला तर चार पैसे जास्त मिळतील, एवढाच त्याचा हिशेब. मार्चमध्ये मी त्याच्या घरी पाहणीला गेलो. सोप्यात भिंतीला टेकवून बोद रचलेले. जमीन शेणाने सारवलेली, कोरडी ठणठणीत. मी फॉर्म भरला, कर्ज मंजूर केले. पावसाळ्यात त्या भिंतीला किती ओल येते, असा रकाना फॉर्मात नव्हता आणि मीही विचारले नाही. बोदांखाली फळ्या टाका, भिंतीपासून हातभर लांब ठेवा, एवढे सांगायला काही खर्च येणार नव्हता.

श्रावणात निरोप आला. मी बोदात हात घातला तर आत ऊब होती, ताप आलेल्या माणसाच्या काखेसारखी. हात बाहेर काढला तो पांढऱ्या बुरशीने माखलेला. व्यापाऱ्याने पडेल भावात माल उचलला, कर्जाची बाकी तशीच राहिली. म्हातारा मला एक शब्द बोलला नाही. एवढेच म्हणाला, "पान वाळलं तरी जितं असतंय, सायेब. त्येला श्वास लागतो." त्याच पेठेत व्यापाऱ्यांच्या वखारी होत्या, दगडी, उंच जोत्याच्या. त्यांचा माल भाव वाढेपर्यंत सुखात राहिला.

वडवणीत तंबाखू नाही, कापूस आहे. पण गोष्ट फार वेगळी नाही. सरकारी खरेदीत ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, आठच्या वर बारापर्यंत कपात, त्यापुढे माल परत. आणि तो ठेवायचा कुठे, तर माणसे झोपतात त्याच खोलीत. अंगाला खाज सुटते, पोरे खोकतात, तरी भावाची वाट पाहत कापूस छतापर्यंत.

मार्गशीर्षात मी पेटीतले यंत्र काढून शेजाऱ्याच्या कापसाच्या खोलीत टांगले. काटा बासष्टावर थांबला. तो हवेचा आकडा होता, कापसाचा नव्हे, हे त्याला समजावून सांगू लागलो. त्याने ढिगातून एक बोंड उपसले, सरकी काढून दाताखाली धरली. कट् असा आवाज आला.

"वाळलाय," तो म्हणाला, आणि यंत्राकडे बोट केले. "काका, आजचा भाव दिसतोय का त्याच्यात?"