गॅरेज छोटं, वायरिंगचा थाट मोठा!

अमेरिकेत घरापासून सुटं, परसात एकटंच उभं असलेलं गॅरेज. त्यात वीज हवीच असं नाही, माहीत आहे का? तिथला विजेच्या नियमांचा कोड म्हणतो, अंधारात ठेवायचंय? खुशाल ठेवा! पण एक वायर आत शिरली रे शिरली, की मागोमाग नियमांची वरात.

प्रत्येक गाडीच्या जागेला किमान एक सॉकेट, तेही जमिनीपासून साडेपाच फुटांच्या आत. आत स्विचवर लागणारा दिवा. येण्याजाण्याच्या दाराबाहेर आणखी एक. आणि गाडीचं ते भलंमोठं शटर? या बाहेरच्या दिव्याच्या हिशेबात ते दारच नाही! हत्ती जाईल एवढं, तरी दार नाही. घ्या!

हा कोड म्हणजे नॅशनल इलेक्ट्रिकल कोड. जन्म 1897. दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती. गंमत म्हणजे तो आपोआप कायदा होत नाही. राज्य किंवा शहर स्वीकारेल तेव्हाच. त्यामुळे शेजारच्या राज्यात जुनीच आवृत्ती चालू असू शकते.

गॅरेजपर्यंत वीज न्यायची, तर आता खोदा! जमिनीत थेट पुरायची केबल दोन फूट खोल. प्लॅस्टिकच्या पाइपातून नेली तर दीड फूट. जाड लोखंडी पाइप असेल तर? फक्त अर्धा फूट! आणि 120 व्होल्ट, 20 अँपिअरपर्यंतच्या एकाच सर्किटला जीएफसीआय (करंट गळला की वीज तोडणारं यंत्र) संरक्षण दिलं, तर साध्या पुरायच्या केबललाही एक फूट पुरे. कुदळीवाल्याची पाठ वाचली.

पाइप कितीही घट्ट जोडा, जमिनीखालचा पाइप आतून ओलाच, असं कोड ठामपणे धरून चालतो. म्हणून घरातली नेहमीची पिवळी-पांढरी केबल तिथे चालत नाही. ओल सोसणारीच वायर हवी.

जीएफसीआय म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या करंटचा हिशेब ठेवणारा कडक मुनीम. साधारण 5 मिलिअँपिअरचा घोळ दिसला की वीज बंद! साठ वॅटच्या बल्बला तिकडे जेवढा करंट लागतो, त्याचा शंभरावा भाग. बर्कलीच्या प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी हे यंत्र 1961 मध्ये शोधलं. गॅरेजच्या सॉकेटना ते सक्तीचं झालं 1978 मध्ये.

अर्थिंगचा ‘अर्थ’ माहीत आहे का? गॅरेजमध्ये सबपॅनल (छोटी वितरणपेटी) बसवलं, की त्याला स्वतःचा अर्थिंग रॉड लागतो, जमिनीत आठ फूट. एका रॉडचा रोध 25 ओहमपेक्षा जास्त भरला, तर किमान सहा फुटांवर दुसरा. पण अर्थ वायरसह एकच सर्किट आलं असेल, तर रॉडला सुट्टी! मेन स्विचचीही मजा: घरगुती गॅरेजला भिंतीवरचा साधा स्विचही चालतो.

आणि न्यू जर्सी-टेक्सासमधल्या हौशी मराठी मिस्त्रींनो, जरा थांबा! आपल्याकडे काळी वायर न्यूट्रल. तिकडे काळी म्हणजे फेज, न्यूट्रल पांढरी. इथली सवय तिथे नेलीत, तर शॉक नुसता सांस्कृतिक नसेल!

तेव्हा आधी परमिट घ्या, आणि कुदळ उचलण्याआधी काही दिवस 811 ला फोन करा. जमिनीखालच्या वीज-गॅसच्या लाइनींवर खुणा करून देतात, तेही फुकट.