औषधाच्या बाटलीमागचा कायदा

"डॉक्टरसाहेब, धंदा करावा की रजिस्टरं भरावीत?" परवा एक औषधविक्रेते वैतागून म्हणाले. परवाना, फार्मासिस्ट, बिलबुके, वर औषध निरीक्षकांची तपासणी. त्यांचा त्रास मला कळतो. पण हे नियम कुणाच्या लहरीतून आलेले नाहीत. त्यामागे बळी गेलेली माणसे आहेत.

१९३७ साली अमेरिकेत एका कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध डायइथिलीन ग्लायकॉल या गोडसर रसायनात विरघळवून विकले. चव पाहिली, वास पाहिला. विषारीपणा तपासला नाही. कायद्याने तसे बंधनच नव्हते! शंभरावर माणसे दगावली, त्यात कित्येक मुले होती. १९३८ मध्ये तेथे कायदा झाला : आधी सुरक्षिततेचा पुरावा, मग विक्री.

आपल्याकडे औषधांचा कायदा १९४० सालचा. तरीही १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातून याच विषाने लहान मुलांचे प्राण घेतले. कायदा नुसता पुस्तकात असून भागत नाही, हेच खरे.

वांगे किडके असेल तर गिऱ्हाइकाला दिसते. बाटलीत काय आहे, हे रुग्णालाच काय, मलाही डोळ्यांनी कळत नाही. म्हणून तपासणी समाजाने सरकारवर सोपवली आहे. ती नसेल तर स्वस्त, अशुद्ध माल वापरणारा बाजी मारतो आणि प्रामाणिक कारखानदार मागे पडतो. म्हणजे नियम सचोटीच्या व्यापाऱ्यालाही राखतो.

आपल्या हातीही काही गोष्टी आहेत. औषधाचे बिल अवश्य घ्या. त्यावर बॅच नंबर असतो. एखादी बॅच सदोष निघाली, तर आपली बाटली त्यातली आहे का हे त्यावरूनच कळते. मुदतीची तारीख पाहा. लहान मुलांना खोकल्याचे औषध मनाने देऊ नका. साधा सर्दी-खोकला बहुधा आपोआप बरा होतो. औषध घेतल्यावर मुलाला उलट्या होऊ लागल्या, लघवी कमी झाली किंवा ते गुंगीत दिसले, तर मूत्रपिंडावर घाला पडला असण्याची शक्यता असते. बाटली बरोबर घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठा.

त्या विक्रेत्यांना मी एवढेच म्हटले, "तुमच्या रजिस्टरातली एक ओळ उद्या एखाद्या लेकराचा जीव वाचवील."